पुवातला जंतू कुठला?

मुलाच्या फाईलमधला सगळ्यांत जुना कागद काखेतल्या गाठीचा आहे. जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची, म्हणजे टीबीविरुद्धची, लस दिली आणि काही महिन्यांत त्याच बाजूच्या काखेत गाठ आली. बीसीजीनंतर अशी गाठ निरोगी बाळांनाही येते आणि बहुतेकांची आपोआप बसते, म्हणून कोणी घाबरलं नाही. आमची बसली नाही. पिकली, फुटली, बरेच दिवस वाहत राहिली आणि मग कधीतरी सुकली. व्रण अजून आहे.

पुढे मानेत गाठी आल्या. सुई घालून तपासणी केली, रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा', म्हणजे पेशींचा साचलेला गोळा, असं लिहून आलं. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी असं जवळजवळ ठरलेलंच. टीबीचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले नव्हते, कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून बघतात तेव्हाही, वाढले नव्हते. तरी सहा महिने टीबीची औषधं झाली. गाठी हळूहळू लहान झाल्या, त्यामुळे निदान बरोबरच होतं असं सगळ्यांना वाटलं. मग शौचाच्या जागेजवळ गळू झालं, नंतर कानामागे. एक डिचोलीत कापलं, एक म्हापशात, एक मी माहेरी असताना वाळपईला. प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर, नवी चिठ्ठी. चीर दिली, पू काढला, ड्रेसिंग केलं, अँटिबायोटिक लिहून दिलं. पू मात्र प्रत्येक वेळी कापसाबरोबर कचऱ्यात गेला. तो तपासायला पाठवायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि पाठवणाऱ्यांनी पाठवला नाही.

त्यात मुलगा दिसायला गुटगुटीत. वजन वयाला साजेसं, खाणंपिणं उत्तम, दोन गळवांच्या मधल्या काळात अंगणभर धुडगूस. ज्याची प्रतिकारशक्ती कमी ते मूल खंगलेलं, सतत सर्दीने वाहणारं असणार अशी आपली समजूत असते. बाबूला सर्दी-खोकला चारचौघांएवढाच व्हायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या की आकडा नेहमी वर. एका डॉक्टरांनी तर कौतुकाने सांगितलं, "भरपूर सैन्य आहे याच्याकडे, काळजी करू नका." सासूबाईंनी दृष्ट काढली. कुळागराच्या, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेच्या, कडेला देवचाराला, म्हणजे राखणदाराला, रोट आणि विडी ठेवली. मी अडवलं नाही. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

तो साडेतीन वर्षांचा असताना, भर पावसाळ्यात, पाय पाटाच्या पाण्यात घालून बसायची त्याला सवय लागली. आमच्या कुळागरातून पाट जातो, पोफळींच्या मुळाशी पाणी फिरवायला. पायाच्या अंगठ्याला नखाशेजारी बारीकशी जखम झाली होती, ती मी हळद लावून सोडून दिली. आठवड्याभराने ताप चढला. गोव्यात पावसातला ताप म्हटला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो या तिन्हींच्या तपासण्या आधी होतात. तिन्ही निगेटिव्ह. ताप उतरेना, पोटाला उजव्या बाजूला हात लावू देईना. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पुवाचे दोन कप्पे दिसले आणि आम्हाला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवलं.

तिथे बालरोग विभागातल्या एक मॅडम होत्या. त्यांनी जुने कागद स्वतःच्या हाताने तारखेप्रमाणे लावले. सोनोग्राफीत बघत बघत लिव्हरमध्ये नळी घातली, पू बाहेर आला, आणि तो सगळा बाटलीत भरून मायक्रोबायोलॉजीकडे गेला. सुरुवातीला शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं. ताप तसाच. मग एका दुपारी मॅडम वॉर्डात आल्या आणि त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. काचेची गोल बशी, तिच्यात लालसर थर आणि त्यावर गडद जांभळे ठिपके. जांभळं खाल्ल्यावर जिभेला चढतो तो रंग. मला आधी वाटलं, शाई सांडली असावी.

"हा क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलॅसियम," त्या म्हणाल्या. "स्वतःचा रंग स्वतःच बनवतो. उष्ण प्रदेशातल्या मातीत, साचलेल्या पाण्यात सगळीकडे असतो. तुमच्या पाटातही असणार. तुम्ही रोज त्यात पाय घालता, तुम्हाला काही होत नाही. म्हणून प्रश्न असा आहे की याला का झालं?"

हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. तोवर सगळे 'काय झालं' एवढंच बघत होते. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन गटातली बरीच औषधं या जंतूवर चालत नाहीत. त्यामुळे आधीचं इंजेक्शन फुकट चाललं होतं हेही त्या बशीतूनच कळलं. औषधं बदलली, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेरोपेनेम सुरू झालं, आणि ताप उतरायला लागला. माणसात हा जंतू क्वचित सापडतो आणि सापडतो तेव्हा अनेकदा जीव घेऊन जातो, हे मॅडमनी मुलगा उठून बसेपर्यंत सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग सुरू झाले विचित्र प्रश्न. नाळ कधी पडली? (सातव्या-आठव्या दिवशी. महिनाभर पडली नसती तर संशय वेगळ्या आजाराकडे गेला असता, ज्यात पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जखमेपर्यंत पोहोचूच शकत नाहीत.) तोंडात पांढरी बुरशी सतत असायची का? न्यूमोनिया, मेंदूज्वर झाला होता का? लग्न नात्यात झालंय का? एचआयव्हीची तपासणीही झाली. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत असताना त्या फॉर्मवर सही करणं मला जड गेलं, पण ती गरजेची होती, आणि आता मीच ती इतरांना करायला सांगते.

मॅडमनी एका कागदाच्या पाठीवर मला जे समजावलं ते माझ्या परीने सांगते. जन्मजात प्रतिकारशक्तीचे दोष एकदोन नाहीत, साडेचारशेहून अधिक ठाऊक आहेत. शरीराची संरक्षणव्यवस्था अनेक भागांची असते आणि कुठला भाग नादुरुस्त आहे त्यावर कुठले जंतू त्रास देणार हे ठरतं. अँटिबॉडी बनत नसतील तर न्यूमोकोकससारख्या जंतूंचे न्यूमोनिया आणि कान फुटणं पुन्हा पुन्हा होतं. १९५२ मध्ये ब्रूटन यांनी वर्णन केलेला आजार हा त्यातला. टी-पेशीच नसतील तर पहिल्या काही महिन्यांतच बुरशी, जुलाब, वाढ खुंटणं, आणि बीसीजीची लस अंगभर पसरणं. कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या साखळीचा शेवटचा भाग नसेल तर एकाच जातीच्या जंतूचा मेंदूज्वर परत परत होतो. आणि स्टॅफिलोकोकसची खोल गळवं, लिव्हरमधला पू, सेरेशिया आणि नोकार्डिया हे जंतू, ॲस्परजिलस बुरशी, आमच्या पाटातला हा जांभळा प्राणी, शिवाय टीबी न सापडता मिळणारे ग्रॅन्युलोमा, हे एकत्र दिसलं की पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारत नाहीत असा संशय घ्यायचा. आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, दवाखान्यात सगळे सीजीडी म्हणतात.

सैन्य भरपूर होतं ते असं. जंतू गिळल्यावर निरोगी पेशी ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साईडसारखी तिखट रसायनं तयार करते आणि जंतू मरतो. ते बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग आमच्या मुलात नाही. जंतू पेशीच्या पोटात जिवंत राहतो, शरीर त्याच्याभोवती पेशींचे थर चढवतं, तोच ग्रॅन्युलोमा.

मोठ्या संस्थांनी पालकांसाठी धोक्याच्या दहा खुणांची यादी केलेली आहे: वर्षात किती वेळा कान फुटला, किती न्यूमोनिया, किती महिने अँटिबायोटिक. चांगली यादी आहे, आमचा मुलगाही खोल गळवांच्या खुणेत बसला असता. पण ती मुख्यतः मोजण्याची यादी आहे. आम्हाला उत्तराकडे नेलं ते मोजण्याने नाही, एका जंतूच्या नावाने. पू पहिल्या गळवालाच तपासला असता तर कदाचित तेव्हाच कोणी थबकलं असतं.

आणि मग मॅडमनी विचारलं, "तुम्हाला मामा किंवा भाऊ लहानपणी गेलेला आहे का?"

कागदावर चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, गेलेल्यावर तिरकी रेघ. माझा एक भाऊ माझ्याआधी झाला होता आणि गेला होता, एवढंच मला माहीत होतं. घरी त्याचा विषय निघत नसे, फोटोही नाही. मी वॉर्डाच्या जिन्यात उभी राहून आईला फोन केला. ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "पोटात पू झालेला गे बाय. लिव्हरला. चार वर्षांचा होता. आधी मानेला गाठी होत्या, टीबीच्या म्हणायचे." थोड्या वेळाने तिनेच पुन्हा फोन केला आणि सांगितलं की तिच्या आईचेही दोन मुलगे राहिले नव्हते, पण ते कशाने हे कोणालाच ठाऊक नाही. त्या काळी मुलं कशानेही जात. मॅडमनी त्या दोन चौकोनांवर रेघ मारली आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. सगळे चौकोन आईच्या अंगाने येत होते.

त्यांनी माझ्याकडे बघून आणखी एक विचारलं, "तुम्हाला तोंड येतं का वारंवार?" मला कॉलेजपासून तोंड येतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन मी थकले होते. उन्हात गेले की गालावर चट्टे उठतात तेही होतंच. हा दोष वाहून नेणाऱ्या बायकांमध्ये या दोन्ही गोष्टी दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पक्की तपासणी डीएचआर नावाची. ती ताज्या रक्तावरच करावी लागते, पेशी जिवंत हव्यात. म्हणून मुलगा प्रवासाजोगा झाल्यावर आम्ही थिवीहून कोकणकन्या पकडून मुंबईला गेलो. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, सगळे तिला एनआयआयएच म्हणतात. तिथे मुलाचं आणि माझं रक्त घेतलं, आणि तुलनेसाठी त्याच वेळी एका निरोगी, नात्यात नसलेल्या माणसाचं. हे तिसरं रक्त महत्त्वाचं असतं. तपासणीत काही बिघडलं तर ते त्या नमुन्यातही दिसतं.

निकालाचा कागद बघून मला सगळं डोळ्यांनी कळलं, एरवी रिपोर्ट वाचून काही कळत नाही. पेशींत एक रंगद्रव्य घालतात, त्यांना रसायनाने डिवचतात. पेरॉक्साईड तयार झालं तर ते द्रव्य चमकायला लागतं आणि यंत्र ती चमक मोजतं. निरोगी माणसाच्या आलेखात डिवचल्यावर सगळा उंचवटा उजवीकडे सरकला होता. मुलाचा जागच्या जागी, डावीकडे. आणि माझ्या आलेखात दोन उंचवटे होते, एक इकडे, एक तिकडे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असतं, कुठलं ते पेशीगणिक बदलतं. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही गोष्ट. माझ्या काही पेशींत चांगलं एक्स चालू आहे, काहींत दोषाचं. त्या चांगल्या पेशींच्या जोरावर मी धडधाकट आहे. मुलाकडे एकच एक्स, तेही माझ्याकडून दोषाचंच मिळालेलं. पुढे जनुकीय तपासणीत सीवायबीबी नावाच्या जनुकातला बदलही सापडला.

नातेवाईकांत एकदोघांनी "म्हणजे तिच्याकडून आलं तर" असं म्हणून घेतलं. म्हणू देत. माझ्या आईला मात्र ते लागलं. तिने मॅडमना विचारलं की माझ्या मुलाला वाचवणारं औषध तेव्हा होतं का. १९५७ मध्ये डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्याच्या नावातच तो जीवघेणा असल्याचं म्हटलेलं होतं. आता रोज को-ट्रायमॉक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल एवढ्यावर पुष्कळ मुलं मोठी होतात. माझा भाऊ गेला तेव्हा को-ट्रायमॉक्साझोलची गोळी गोव्यात कुठल्याही फार्मसीत मिळत होती. मॅडमनी खोटं सांगितलं नाही. "गोळी होती," त्या म्हणाल्या, "पण कोणासाठी ते ओळखणारं इथे कोणी नव्हतं."

आता बाबू सहा वर्षांचा आहे. दोन्ही औषधं रोज चालू आहेत, अधूनमधून लिव्हरच्या तपासण्या. खरी कसरत औषधांची नाही, घराची आहे. कुजका पाचोळा, शेणखत, जुनं गवत, बुरसलेलं लाकूड यांतून ॲस्परजिलसचे बीजाणू उडतात. निरोगी माणसाने ते श्वासातून घेतले तर काही होत नाही, सीजीडीच्या मुलाला त्याने काही दिवसांत जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. कुळागर असलेल्या घरात हे पाळणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी कुळागर आहे त्यालाच कळेल. आमच्याकडे पोफळीच्या मुळाशी पाचोळ्याचं आच्छादन घालतात. ते आता घरापासून लांबच्या भागातच घालतो, आणि त्या दिवसांत मुलगा आत्याकडे म्हापशाला फ्लॅटमध्ये राहतो. चवथीआधी माळा झाडायचा, घर रंगवायचं, तेव्हाही तेच. आंघोळीचं विहिरीचं पाणी उकळून. पावसात बूट घातल्याशिवाय अंगणाबाहेर नाही. माशेलचा चिखलकाला बघायला त्याला फार आवडतं, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नेतोही, पण गाडीतूनच. पोरं चिखलात लोळतात आणि हा काचेला नाक लावून मला शिव्या घालतो. सां जुआंवच्या सणाला विहिरीत उड्या मारायचा विषय घरात काढायचाच नाही असं ठरलंय.

शाळेतल्या बाईंना मी एका पानावर लिहून दिलंय. त्यातली एकच ओळ ठळक आहे: ताप आला तर वाट बघू नका, मला फोन करा. या मुलांमध्ये आजार आतून पसरतो आणि ताप साधाच दिसतो. फाईल नेहमी माझ्या पिशवीत असते. नव्या डॉक्टरकडे गेले की पहिलं वाक्य माझं ठरलेलं आहे, "याला सीजीडी आहे, पू निघाला तर कल्चरला पाठवा." काही जणांना ते आवडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

कायमचा इलाज म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. सख्ख्या भावंडाचा मॅरो जुळण्याची शक्यता चारात एक, आणि मोठ्या मुलीचा जुळला नाही. बाहेरचा दाता शोधायचा तर धोका आणि खर्च दोन्ही वाढतात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात, ट्रान्सप्लांटने बऱ्या होणाऱ्या आजारांच्या गटात सीजीडी आहे आणि नेमून दिलेल्या केंद्रांत उपचार घेतले तर ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. म्हणजे पैशाचा रस्ता अगदीच बंद नाही. निर्णय आमचा व्हायचाय. नवऱ्याला लवकर करावंसं वाटतं, मला मुलगा असा हसताखेळता असताना त्याला तिकडे न्यायचा धीर होत नाही. यावर आमची भांडणंही होतात.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागला तेव्हा कळलं की मुलाच्या आजाराची पूर्ण हकीकत आईने तिला सांगितलीच नव्हती, पोटुशी बाईला कशाला म्हणून. जनुकातला बदल घरात आधीच ठाऊक असेल तर पोटातल्या बाळाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते. ती वेळ केव्हाच टळली होती. मग मॅडमनी एक पत्र दिलं: मुलगा झाला तर डीएचआरचा निकाल येईपर्यंत बीसीजी देऊ नये, बाकी लसी वेळेवर द्याव्यात. बीसीजी जिवंत जंतूंची लस असते, आणि ज्याच्या पेशी जंतू मारू शकत नाहीत त्याच्या अंगात ती पसरू शकते. मुलगाच झाला. प्रसूतीच्या ठिकाणी नर्सने पत्र दोनदा वाचलं, वरिष्ठांना दाखवलं, लसीच्या कार्डावर त्या रकान्यात पेन्सिलने 'थांबवली' लिहिलं. रक्त मुंबईला गेलं. बाळाचा उंचवटा उजवीकडे सरकला होता, पूर्ण. दीड महिन्यांनी आरोग्य केंद्रात त्याला बीसीजी दिली आणि नर्सबाईंनी पेन्सिल खोडून शाईने तारीख घातली.

बहीण स्वतः वाहक आहे की नाही हे मात्र अजून तपासलेलं नाही. बाळ ठीक आहे ना, मग आता कशाला, असं तिचं म्हणणं. मी महिन्यातून एकदा विषय काढते. पुढच्या खेपेला ती मुंबईला जाईल तेव्हा करते म्हणाली आहे.